उशिरा उपस्थित

सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना नेहमीच्या सवयीने पाटीवरची धूळ पुसायला गेले आणि बोट भिंतीला लागलं. पाटी नव्हती. पितळेची, तळहाताहून थोडी मोठी, माझं नाव आणि खाली 'दंतवैद्य' एवढंच कोरलेली पाटी कुणीतरी काढून नेली होती, आणि नेली होती तीही मोठ्या निगुतीने. चारही स्क्रू खिडकीच्या कठड्यावर एका ओळीत मांडून ठेवले होते. मला आधी हसू आलं. मग त्या चार भोकांकडे बघता बघता डोकं तापायला लागलं, आणि ते चोरावर तापलेलं नाही हेही कळत होतं. माझं डोकं हल्ली कशानेही तापतं. गळणारा नळ, पायरीवर थांबून फोनवर बोलणारी माणसं, 'थोडंसंच दुखतंय' म्हणत दाढेचा पार कोळसा झाल्यावर येणारे पेशंट. नवऱ्याला फोन केला. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या संस्थेवर विनोद करणं हा त्याचा पूर्णवेळचा उद्योग आहे. "तुमच्याच एखाद्या माणसाने नेली असेल बघ," तो म्हणाला.

"तुमच्याच म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या त्या कैदी मंडळींपैकी."

"कैदी म्हणत नाहीत आमच्याकडे."

"मग काय म्हणतात?"

"परत आलेले."

"बरं. मग एखाद्या परत आलेल्याने परत नेली असेल."

मी फोन ठेवला. विनोद बरा होता, त्याचाच राग आला. 'परत आलेले' या दोन शब्दांसाठी आम्ही किती शनिवार घालवले ते माझं मला माहीत. 'माजी कैदी' नको, त्यात कैद राहते. 'सुटलेले' नको, त्यात कुणीतरी सोडल्यासारखं वाटतं. 'बंधमुक्त' कुणीतरी सुचवलं तेव्हा मी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला. आमची संस्था तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी काम करते. वकील मिळवून देणं, खटला उभाच न राहिल्याने आत पडून असलेल्यांचे अर्ज करणं, सुटून आल्यावर कामधंदा बघून देणं, आणि जुने जाचक नियम बदला म्हणून वरच्या लोकांच्या मागे लागणं. ही कामं पगारी माणसं करतात आणि चांगली करतात. त्यांच्या डोक्यावर आम्ही पाच जण बसलो आहोत, कार्यकारी समिती, बिनपगारी, आपल्या खुशीने आलेले. निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात. प्राध्यापकबाई आहेत, त्या समाजशास्त्र शिकवतात आणि आमचं इतिवृत्त लिहितात. फिल्टरवाले आहेत, त्यांचा पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचा धंदा आहे आणि कार्यालयातलं यंत्र त्यांनीच बसवून दिलंय. मी आहे, अध्यक्ष, तात्पुरती. आणि नवे सदस्य आहेत.

तात्पुरती अध्यक्ष म्हणून मला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, मोजलं तर रडू येईल. आमच्याकडे पद मागायचं नसतं. पद अंगावर यावं लागतं. आधीचा माणूस थकला की सगळे एकमेकांकडे बघतात, जो तो 'मला कुठे झेपणार' म्हणतो, मग ज्याचं 'नको' सगळ्यात लेचंपेचं निघेल त्याच्या गळ्यात माळ पडते आणि प्राध्यापकबाई लिहितात, 'एकमताने'. संस्थेचा एकूण एक ठराव एकमताने झालेला आहे. साहेबांना त्याचा फार अभिमान आहे. मला त्यातली मेख कळायला वेळ लागला. कुणी वेगळं मत मांडलं की आम्ही त्याला विरोध करत नाही, आम्ही थांबतो. चहा मागवतो, पुन्हा एकदा सगळ्या बाजूंनी विचार करतो, 'तुमची भावना समजते' म्हणतो, आणि वेगळं मत असलेला माणूस घड्याळाकडे बघायला लागेपर्यंत प्रेमाने बसून राहतो. दिवसभर मी ज्यांना उलट बोलता येत नाही अशा माणसांच्या तोंडात हात घालून असते, आणि शनिवारी ज्यांची तोंडं मिटता मिटत नाहीत अशा माणसांत बसते. दोन्हीकडे शेवटी सगळे मान हलवून 'हो' म्हणतात.

गेल्या महिन्यात मी सांगून टाकलं की आता बास, मला सोडा. सगळ्यांनी रीतीप्रमाणे खाली बघितलं. तेवढ्यात नव्या सदस्यांनी हात वर केला. "मला आवडेल अध्यक्ष व्हायला," ते म्हणाले, "मी करतो." त्या खोलीत असं वाक्य पूर्वी कुणी बोललेलंच नव्हतं. पंगतीत वाढायच्या आधी कुणी पातेल्यात हात घालावा तसे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नवे सदस्य आमच्यात परत आलेले एकटेच. समितीत येऊन त्यांनाही वर्षं लोटली, पण नाव 'नवे सदस्य' पडलं ते चिकटलं. फोटोंच्या चौकटी करायचं त्यांचं दुकान आहे. इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तर, बोलायला उभे राहिले की बसायचं नाव नाही, आणि विनोद असे की माझा नवराही बरा. ते साधुसंत अजिबात नाहीत. एकदा निधीच्या पत्रकावर माझा फोटो मोठा आणि त्यांचा लहान आला म्हणून रुसले होते. पण तुरुंगाच्या अधिकाऱ्याला फोन करून 'साहेब, तो अर्ज तुमच्या डाव्या हाताच्या खणात आहे, उघडून बघा' असं सांगायची धमक आमच्यात फक्त त्यांच्याकडे आहे. मला ते हवे होते. मला सुटायचं होतं म्हणून हवे होते हेही खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्या दिवशी साहेब म्हणाले, "उत्तम. पुढच्या बैठकीत सविस्तर विचार करू." सविस्तर विचार म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

तर आज ती बैठक, महिन्याचा पहिला शनिवार, चार वाजता. इमारतीच्या चिटणीसांनी पाटीसाठी पोलिसांत तक्रार द्यायलाच हवी असा हट्ट धरला, म्हणून दुपारी दवाखाना बंद करून वाटेतच चौकीत गेले. न्यायव्यवस्था सुधारायला निघालेल्या संस्थेची अध्यक्ष पाटीचोराची तक्रार द्यायला. नवऱ्याला दोन महिने पुरेल एवढं खाद्य. चौकीची खोली लांबट, एका अंगाला टेबल, दुसऱ्या अंगाला भिंतीलगत बाक, त्यावर ओळीने बसलेली माणसं. पंखा टेबलाच्या डोक्यावर होता, बाकाकडे त्याचं वारं पोचत नव्हतं. फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक वास होता, बराच वेळ एका जागी बसलेल्या माणसांचा. मी बाकाच्या टोकाला जागा शोधत होते आणि मला अत्तराचा वास आला. नवे सदस्य माणसांच्या मधोमध बसले होते. मी ओळखलं ते वासाने, बसण्यावरून ओळखलं नसतं. बैठकीत ते एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून पसरून बसतात. इथे गुडघे जोडून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, पाठ भिंतीला न टेकता बसले होते. शर्ट तोच, इस्त्रीचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात मान हलवली. अगदी किंचित, पण साफ नकार. मग समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

टेबलामागच्या हवालदाराने मला हाक मारली. "या मॅडम, बसा. काय झालं?" मी म्हटलं, "ही मंडळी माझ्या आधीची आहेत." तो हसला. वाईट माणूस नव्हता, शेजारच्या दुकानदारासारखा चेहरा होता. "ते हजेरीवाले आहेत, मॅडम," तो म्हणाला, "त्यांना कुठं जायचंय?" हे त्याने आवाज खाली न आणता म्हटलं. बाकावरचं कुणी हललं नाही. त्याने पाटीचा आकार विचारला, कुणावर संशय आहे का विचारलं, आणि मी 'नाही' म्हटलं ते इतकं तोडून की त्याने मान वर करून पाहिलं. काम झालं. मी उठले तेव्हा नवे सदस्य अजून कॅलेंडरकडेच बघत होते. त्यावर फक्त तारखा होत्या.

रस्त्यावर आले आणि हजेरी हा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. अटीवर सुटलेल्या माणसाने ठरलेल्या दिवशी चौकीत येऊन स्वतःचं तोंड दाखवायचं आणि बोलावतील तेव्हा सही करायची. दिवस ठरलेला, बोलावण्याची वेळ मात्र टेबलामागच्या माणसाच्या मर्जीची. हे मला नव्याने कळायचं कारण नव्हतं. आमच्या संस्थेने त्यावर जाडजूड अहवाल काढला आहे. 'हजेरीची अट आणि पुनर्वसन', लेखन प्राध्यापकबाई, प्रस्तावना साहेब, कागद फिल्टरवाल्यांच्या देणगीतून. हजेरीपायी माणसांची कामं कशी जातात, मालक 'वेळेवर येत नाही' म्हणून कसे काढून टाकतात, आणि हजेरीचं कारण सांगायची लाज वाटते म्हणून माणसं कशी ट्रॅफिकचं नाव सांगतात, सगळं त्यात आहे. माझी पावलं तिथल्या तिथे थांबली. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळता आदळता वाचला आणि काहीतरी पुटपुटला. ट्रॅफिक. नवे सदस्य प्रत्येक बैठकीला अर्धी बैठक उलटल्यावर येतात, दारातून 'ट्रॅफिक' म्हणतात, साहेब घड्याळाकडे बघून भुवई उचलतात, आणि प्राध्यापकबाई इतिवृत्तात दोन शब्द लिहितात, 'उशिरा उपस्थित'. दर महिन्याला. पहिला शनिवार. ज्यांनी तो अहवाल लिहिला त्यांच्याच हातून, आणि तो वाचून डोळे पुसणाऱ्या माझ्यादेखत.

कुणाला कसं कळलं नाही, याचंही उत्तर होतं, आणि त्या उत्तराने माझा आणखीच संताप झाला. आमच्यात नियम आहे की परत आलेल्या माणसाला मागचं काही विचारायचं नाही. काय केलं होतं, किती वर्षं आत होतात, सुटका कशी झाली, काही नाही. मी हा नियम नव्या स्वयंसेवकांना स्वतः शिकवते, आवाज मऊ करून. इतक्या नाजूकपणे आम्ही विचारत नाही की दर महिन्याला माणूस कुठून धापा टाकत येतो हेही कुणी विचारलं नाही. आणि शनिवार चारच का? तर साहेबांच्या नातीचा पोहण्याचा वर्ग कार्यालयाच्या मागच्या तलावावर असतो. तिला सोडायचं, बैठक करायची, तिला घ्यायचं. साहेबांनी ते कधी मागितलं नव्हतं. एकदा सहज बोलले होते, आणि आम्ही सगळ्यांनी एकमताने समजून घेतलं होतं.

कार्यालयाचा जिना चढताना मला तो माणूस आठवला. तो आठवत नाही असा आठवडा जात नाही, पण हल्ली आठवला की मी त्याला बाजूला सारते. दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. तुरुंगातला दंतवैद्य रजेवर होता म्हणून एका माणसाला माझ्याकडे आणलं होतं. डाव्या गालाचा पार फुगा झाला होता, त्वचा ताणून चकचकत होती. हातात बेड्या, बेडीचं दुसरं टोक शिपायाच्या हाताला. खुर्ची मागे कलवली तसा शिपायालाही वाकावं लागलं, आणि आम्ही तिघं दिव्याच्या एकाच वर्तुळात आलो. मी विचारलं, "किती दिवस दुखतंय?" त्याने शिपायाकडे बघितलं. बोलू का, असं डोळ्यांनी विचारलं. स्वतःच्या दाढेबद्दल. मी शिपायाला म्हटलं, "बेडी काढा, नाहीतर मी हात लावणार नाही." तो म्हणाला, "नियम नाही." मी म्हटलं, "मग तुमचीच दाढ काढते, तुम्ही जवळ आहात." त्याने बेडी काढली. तो राग मला अजून अंगात आठवतो. स्वच्छ होता, थंड होता, त्यात माझं स्वतःचं काही नव्हतं. हात जरासुद्धा थरथरला नाही. त्या रागाच्या मागोमाग मी या संस्थेत आले. आणि त्याचं पुढे काय झालं? त्याचे बारीक बारीक तुकडे झाले. बिस्किटं मऊ पडली म्हणून चिडायचं, सभापत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घावरून चिडायचं. इतकी वर्षं मी चिल्लर वापरत होते.

वर तिघेही वेळेवर होते. आम्ही फार वक्तशीर. टेबलावर चहा, बिस्किटं, आणि पडद्यावर आकडे दाखवायचं यंत्र, त्याची उंची कमी पडते म्हणून त्याच्याखाली अहवालाच्या प्रती ठेवलेल्या. कितीतरी महिने तशाच आहेत. वरच्या प्रतीच्या मुखपृष्ठावर यंत्राच्या रबरी पायाचा गोल डाग पडलाय. मी बसले. साहेबांनी घसा साफ केला. "आपले नवे सदस्य अर्थातच अजून आलेले नाहीत," ते म्हणाले, "तोवर आपण त्या विषयावर मोकळेपणाने बोलून घेऊ." पाठीमागे बोलण्याला मोकळेपणा म्हणतात हे मी नव्याने शिकले.

"मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "त्यांचा अनुभव आपल्यापैकी कुणाकडे नाही. पण काळजीपोटी बोलते हं, अध्यक्षपद म्हणजे एक शिस्त असते. ज्यांना चारची बैठक गाठता येत नाही..."

"देणगीदार पहिली गोष्ट हीच बघतात," फिल्टरवाले म्हणाले. "माणूस वेळेवर येतो का. माझ्याकडे एक मेकॅनिक होता, हात सोन्याचा, पण रोज उशीर. शेवटी काढावा लागला."

"आणि स्वतःचं नाव स्वतःच," साहेब हसून म्हणाले. "बरोबर-चूक नाही म्हणत मी. पण आपली पद्धत नाही."

मी ऐकत होते. नव्या सदस्यांनी मान हलवली होती, ते मला विसरता येत नव्हतं. बोलू नका, असं ते म्हणाले होते. आणि न बोलावं तर समोर जे चाललं होतं ते पाच मिनिटांत एकमताने पार पडणार होतं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी माझंच चुकणार होतं. मी यंत्र उचललं, बाजूला ठेवलं, सगळ्यात वरची अहवालाची प्रत प्राध्यापकबाईंच्या पुढ्यात सरकवली आणि म्हटलं, "ते चौकीत बसलेत. हजेरीला. मी आत्ता बघून आले. दर पहिल्या शनिवारी तिथेच बसलेले असतात, आणि आपण दर पहिल्या शनिवारी इथे त्यांचा उशीर लिहितो. हे तुम्हीच लिहिलंय, बाई. उघडून बघा. ट्रॅफिकसुद्धा लिहिलंय."

कुणी उघडून बघितलं नाही. प्राध्यापकबाईंचा चेहरा लाल झाला, तो खरा होता, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं. साहेबांनी चष्मा काढला. "आपल्या हातून हे व्हायला नको होतं," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं. फार चांगली माणसं आहेत ही, तीच तर पंचाईत आहे. मग आम्ही दिवस बदलायला बसलो. रविवारी साहेब बहिणीकडे जातात, ती आजारी असते. सोमवार ते गुरुवार बाईंची व्याख्यानं. शुक्रवारी फिल्टरवाल्यांची दुकानाची सुट्टी, ते गावात नसतात. तिसऱ्या-चौथ्या शनिवारीही ते यंत्रं बसवायला बाहेरगावी. दुसरा शनिवार? दुसऱ्या शनिवारी पोहण्याच्या वर्गाला सुट्टी असते, म्हणजे साहेबांना मुद्दाम यावं लागेल. "मुद्दाम यायला माझी काहीच हरकत नाही," साहेब म्हणाले, आणि त्या 'काहीच'वर इतका जोर दिला की फिल्टरवाले घाईने म्हणाले, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास." माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. दिवसाचं शांतपणे बघू. सध्याच्या परिस्थितीत त्यांच्यावर अध्यक्षपदाचा भार टाकणं हा अन्याय होईल. तोवर डॉक्टरांनीच एक वर्ष सांभाळावं. मघापर्यंत ते उशिरा येतात म्हणून नको होते, आता का उशिरा येतात ते कळलं म्हणून नको होते. मी बोललेल्या एका वाक्याने फक्त नकाराला दयेचा सदरा चढवला होता. प्राध्यापकबाईंनी पेन उघडलं. "एकमताने?" त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडलं. अत्तर आधी आलं, मग ते. "ट्रॅफिक," नवे सदस्य म्हणाले.

आणि साहेबांनी घड्याळाकडे बघितलं नाही. साहेब उठले आणि त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. प्राध्यापकबाईंनी बिस्किटांची अख्खी बशी त्यांच्याकडे सरकवली. फिल्टरवाले पाण्याच्या यंत्रातून पेला भरून घेऊन आले. "काही हरकत नाही," तिघेही म्हणाले, एकाच आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसे. नवे सदस्य उभेच राहिले. त्यांनी खुर्चीकडे, बशीकडे, पेल्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सांगितलंत वाटतं, डॉक्टर."

"हो," मी म्हटलं.

"मी नको म्हटलं होतं."

"माहीत आहे. तुम्ही वेळ पाळत नाही, असं हे सगळे म्हणत होते. मला ऐकवेना."

"मला ऐकवत होतं की," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण असे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं ऐकतोय. दिवस बदलून मागता आला नसता का मला? पण एकदा मागितला की संपलं. मग मी दार उघडलं की तुम्हाला चौकी दिसणार. त्यापेक्षा उशिरा येणारा माणूस बरा. उशिरा कुणीही येतं. साहेब भुवई उचलायचे ना, ते मला आवडायचं. माझ्यावर भुवई उचलणारं दुसरं कुणी नाही, बाकी सगळे एकतर हाकलतात नाहीतर कुरवाळतात."

साहेबांचा हात नकळत भुवईकडे गेला. मला माफी मागावीशी वाटली आणि वाटली नाहीही. मी गप्प बसले असते तरी ते हरले असते, फक्त त्यांच्या मनासारखे हरले असते. ते बसले. पसरून नाही, पण गुडघे जोडूनही नाही. पेला उचलून पाणी प्यायले. "विषय कुठवर आला?" त्यांनी विचारलं.

प्राध्यापकबाईंनी खाली बघून वाचलं, "सद्यःस्थितीत डॉक्टरांनीच पुढे काम पाहावं, असं... एकमताने..."

"मी मत दिलं?" नवे सदस्य म्हणाले. "मी तर आत्ता आलो. गेल्या महिन्यात मी हात वर केला होता. तो मी खाली घेतला असं कुठं लिहिलंय का?" आणि त्यांनी हात वर केला. इस्त्रीची बाही कोपरापर्यंत घसरली. "मला अध्यक्ष व्हायचंय. हजेरी आहे म्हणून द्या असं म्हणत नाही, आणि हजेरी आहे म्हणून देऊ नका असंही ऐकून घेणार नाही. मला काम येतं, आणि मला हौस आहे."

हौस. त्या खोलीत हा शब्दही पहिल्यांदाच आला असावा. कर्तव्य, बांधिलकी, योगदान, सगळं येऊन गेलं होतं. मीही हात वर केला. उजवा, माझा दुखरा. वर्षानुवर्षं वाकून दाढा काढल्याने तो खांद्याच्या वर गेला की आतून कळ येते. कळ आली. आणि तिच्यामागून ती जुनी गोष्ट आली, थंड आणि स्वच्छ, जी संपून गेली असं मला वाटलं होतं. माझा हात थरथरत नव्हता.

फिल्टरवाल्यांचा हात टेबलावरून उठला. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. त्यांनी तो मानेवर नेला, मान खाजवली आणि बिचारे तसेच मान धरून बसले. प्राध्यापकबाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दोन हात वर, दोन खाली आणि एक मानेवर. आमच्या इतिवृत्तात हे लिहायला शब्दच नव्हता.

साहेबांनी हळूच घड्याळाकडे बघितलं. तलावावरची नात तयार झाली असणार. मग ते आपल्या जुन्या, समजूतदार आवाजात म्हणाले, "घाई नको. कुणाचंच मन दुखवून पुढे जायची आपली पद्धत नाही. तुमची भावना समजते. आपण जरा थांबू, चहा मागवू, पुन्हा एकदा सगळ्या बाजूंनी विचार करू. तोवर हात खाली घ्या दोघंही."

मी घेतला नाही. माझ्या शेजारी नव्या सदस्यांनी दुसरा हात सावकाश माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, नेहमीसारखा, आणि वरचा हात तसाच ठेवून मागे रेलले.

"थांबू की, साहेब," ते म्हणाले. "मला कुठं जायचंय?"